खोकल्यासरशी लघवी निसटते. स्टेम सेल उपचारावर पावणेदोन लाख रुपये खर्च करावेत का?

वाचकाचे पत्र: मी 53 वर्षांची असून सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली. दुसरे बाळ वजनाने चांगलेच भरलेले होते. गेली काही वर्षे खोकले, शिंकले किंवा भरलेली बादली उचलली की लघवी निसटते. पाळी गेल्यापासून त्रास वाढला आहे. रात्री उठावे लागत नाही; पण दिवसभर घडी लावावी लागते, लग्नकार्याला आणि एसटीच्या लांबच्या प्रवासाला जाणे मी टाळते. वजन वाढले आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. कोरडा खोकला सारखा येतो, तो खडूच्या धुळीमुळे असावा. आमच्या डॉक्टरांनी ‘वयोमानाने असे व्हायचेच’ एवढेच सांगितले. मुलाने मोबाइलवर शहरातील एका केंद्राची जाहिरात पाहिली. तेथे पोटावरची चरबी काढून त्यातील स्टेम सेल त्याच दिवशी मूत्रमार्गाजवळ टोचतात. 90 टक्के यश, कायमचा इलाज आणि पेशी स्वतःच्याच असल्यामुळे धोका अजिबात नाही, असे त्यांनी सांगितले. खर्च 1 लाख 75 हजार रुपये असून निम्मी रक्कम आगाऊ भरायची आहे. मुलगा कर्ज काढायला तयार आहे. जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेवरून परदेशात खटले झाल्याचे वाचल्यामुळे मला तिची धास्ती वाटते. मी काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्टपणे देते. हे पैसे भरू नका आणि मुलाला कर्ज काढू देऊ नका. मूत्रमार्गाच्या दुबळेपणावर मूलपेशींचा म्हणजे स्टेम सेलचा (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचा) उपयोग करून पाहण्याचे संशोधन खरोखर चालू आहे, त्यामागची कल्पनाही शास्त्राला धरून आहे. परंतु तो अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे, सिद्ध झालेला उपचार नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या साध्या उपचारांनी आपल्यासारख्या अनेक स्त्रियांचा त्रास निम्म्याहून कमी होतो किंवा पूर्ण जातो, त्यांपैकी एकही उपचार आपल्याला अद्याप कोणी दिलेला नाही. ‘वयोमानाने व्हायचेच’ हे आपल्या डॉक्टरांचे उत्तर अपुरे होते आणि त्या अपुऱ्या उत्तरामुळेच आपण या जाहिरातीपर्यंत पोहोचलात, याचे मला वाईट वाटते.

आपल्या शरीरात काय घडत असावे ते पाहू. खोकताना पोटातील दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो. अशा वेळी मूत्रमार्ग मिटलेला राहण्यासाठी दोन गोष्टी शाबूत असाव्या लागतात. मूत्रमार्गाला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि त्यांना जोडलेले पडदे ही पहिली, आणि मूत्रमार्गाभोवतीचे स्नायूंचे कडे ही दुसरी. बाळंतपणात, विशेषतः बाळ मोठे असताना, पहिला आधार ताणला जातो. वय वाढते तसे दुसऱ्या कड्यातील स्नायुतंतू कमी होत जातात. बहुतेक स्त्रियांमध्ये दोन्ही बिघाड कमीअधिक प्रमाणात एकत्र असतात. मूलपेशींचे संशोधन या दुसऱ्या बिघाडावर चालले आहे. मांडीच्या किंवा अन्य ठिकाणच्या स्नायूचा छोटा तुकडा काढायचा, त्यातील नवे स्नायुतंतू घडवू शकणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि मग त्या मूत्रमार्गाच्या कड्यात टोचायच्या, अशी ती पद्धत आहे. उंदरांवरील प्रयोगांत याचा चांगला परिणाम दिसला होता. मात्र आपल्या बाबतीत मुख्य दोष आधार सैल होण्याचा असेल, तर कड्यात कितीही पेशी टोचल्या तरी तो आधार पुन्हा ताठ होणार नाही. यांपैकी कोणता दोष किती आहे, हे तपासणीशिवाय कळत नाही. आपल्या पत्रावरून तरी त्या केंद्राने अशी कोणतीही तपासणी केलेली दिसत नाही.

आता त्या 90 टक्के यशाकडे वळते, कारण या विषयात हा आकडा दोनदा पुढे आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचा शेवट जाहिरातीत सांगतात तसा झालेला नाही.

पहिली वेळ 2007 सालची. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील डॉक्टरांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या अत्यंत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःच्या स्नायूपेशी टोचलेल्या 42 स्त्रियांपैकी 38 जणींची गळती वर्षभरानंतर पूर्ण थांबली, तर तुलनेसाठी कोलॅजेन (मूत्रमार्गाच्या भिंतीला फुगवटा आणणारे प्रथिन) टोचलेल्या 21 जणींपैकी फक्त दोघींची थांबली, असा त्याचा निष्कर्ष होता. 42 पैकी 38 म्हणजे 90 टक्के. जगभर या बातमीचे स्वागत झाले. पुढे ऑस्ट्रियाच्या सरकारी यंत्रणेने तपासणी केली, तेव्हा रुग्णांची संमती आणि नैतिकता समितीची मान्यता यांसारख्या पायाभूत बाबींतच गंभीर दोष आढळले. लेखात वर्णन केले होते तसा अभ्यास प्रत्यक्षात झाला होता का, याविषयीच शंका निर्माण झाली आणि 2008 च्या सप्टेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला. मागे घेतलेला लेख वैद्यकशास्त्रात पुरावा म्हणून धरला जात नाही. तरीही एकदा पसरलेला आकडा पुसला जात नाही. तो माहितीपत्रकांतून आणि भाषणांतून फिरत राहतो.

दुसऱ्या वेळेची गोष्ट अधिक शिकवणारी आहे, कारण तो अभ्यास चोख होता. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या एका कंपनीने स्नायूपेशींच्या उपचाराची मोठी चाचणी हाती घेतली. 246 स्त्रिया घ्यायच्या ठरले होते. प्रत्येकीच्या स्नायूचा तुकडा काढला गेला आणि नंतर प्रत्येकीला इंजेक्शन दिले गेले. मात्र काही जणींच्या इंजेक्शनात पेशी होत्या आणि काही जणींच्या इंजेक्शनात पेशी नसलेले नुसते द्रावण होते. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. 150 स्त्रियांनंतर नवी भरती थांबवावी लागली, कारण नुसते द्रावण मिळालेल्या स्त्रियांपैकीही सुमारे 90 टक्के जणींमध्ये, गळती निम्म्याने कमी होण्यासारख्या ठरवलेल्या निकषांप्रमाणे, सुधारणा दिसली होती. पेशींचा वेगळा गुण त्यातून सिद्ध होऊ शकला नाही. 2018 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पेशी न देता इतक्या स्त्रियांना बरे कसे वाटले, असा प्रश्न आपल्याला पडेल. याची कारणे ओळखीचीच आहेत. बहुतेक रुग्ण त्रास अगदी शिगेला पोहोचला की उपचाराला येतात आणि असा त्रास पुढे काही महिन्यांत आपोआप थोडा उतरतो. लघवीची नोंदवही ठेवायला लागले की माणूस पाणी पिण्याच्या आणि लघवीला जाण्याच्या वेळा नकळत सुधारतो. कोणीतरी आपली नीट दखल घेत आहे, या भावनेचाही परिणाम होतो. त्या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या. त्यांचा त्रास खरोखर कमी झाला होता, फक्त त्याचे श्रेय पेशींना देता येत नव्हते. म्हणून केंद्रात आपल्याला कोणी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या, तर त्या खऱ्या असूनही त्यांवरून उपचार खरा ठरत नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसताना सांगितलेला यशाचा आकडा, मग तो 90 असो की 99, उपचाराच्या गुणाविषयी काहीच सांगत नाही. माझ्या मते जाहिरातीतील इतर कोणत्याही दाव्यापेक्षा हीच गोष्ट आपण मुलाला समजावून सांगावी.

शिवाय आपल्याला देऊ केलेला उपचार या अभ्यासांतला नाहीच. त्या चाचण्यांत स्नायूतील पेशी निवडून, आठवडेच्या आठवडे वाढवून, त्यांची शुद्धता तपासून वापरल्या होत्या. आपल्याला मात्र पोटाची चरबी काढून त्याच दिवशी तिच्यातील पेशींचे मिश्रण टोचणार आहेत. या मिश्रणात मूलपेशींचा वाटा थोडा असतो आणि बाकीच्या पेशी नाना प्रकारच्या असतात. चरबीतील पेशींवरही संशोधन झाले आहे. जपानमधील नागोया विद्यापीठात प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणाऱ्या पुरुषांवर ते झाले. पण ते चाचणी म्हणून, नोंदी ठेवून झाले. त्यावरून आपल्यासारख्या स्त्रीला कायमच्या इलाजाची हमी देता येत नाही.

‘स्वतःच्याच पेशी, म्हणून धोका नाही’ हे विधान मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. अमेरिकेतील फ्लोरिडात 2015 साली, नजर मंदावण्याच्या विकारासाठी तीन वयस्कर स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या. प्रत्येकीने त्यासाठी 5,000 डॉलर मोजले होते. तिघींचीही दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली, आणि 2017 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती हकिगत छापून आली. डोळा आणि मूत्रमार्ग यांची तुलना होत नाही, हे मला मान्य आहे. मूत्रमार्गावरील चाचण्यांत स्नायूपेशींमुळे गंभीर अपाय क्वचितच झाले आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु चाचणीतील काळजीपूर्वक वाढवलेल्या पेशी आणि एखाद्या खोलीत घाईने वेगळे केलेले मिश्रण यांची सुरक्षितता सारखी मानता येत नाही. चरबी काढताना होणारा रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्ग अरुंद होऊन लघवी अडण्याची शक्यता यांविषयी त्या केंद्राने आपल्याला एक शब्दही सांगितलेला दिसत नाही.

भारतातील नियमही याबाबतीत स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांसाठी केले जाणारे रक्तपेशी घडवणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच प्रस्थापित उपचार मानला जातो. मूलपेशींचा अन्य वापर हा मान्यताप्राप्त चाचणीपुरताच करता येतो. 2019 च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत विकरांच्या (एन्झाइमच्या) साह्याने वेगळ्या केलेल्या पेशींचाही विचार झालेला आहे, त्यामुळे ‘आम्ही पेशी वाढवत नाही, त्याच दिवशी देतो, म्हणून परवानगी लागत नाही’ हा युक्तिवाद सहज मान्य करण्यासारखा नाही. आपल्या देशात मोजक्या मूलपेशी-उत्पादनांना ठरावीक विकारांसाठी परवानगी मिळाली आहे आणि त्या उपचार केंद्रातील माणूस कदाचित तिचाच दाखला देईल; पण ती परवानगी पायाच्या रक्तवाहिन्यांच्या किंवा गुडघ्याच्या विकारांसाठी आहे, लघवीच्या गळतीसाठी नाही.

आपल्याला खातरजमा करायचीच असेल, तर केंद्राकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातील प्रत्येक वैद्यकीय चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती नोंदवही कोणालाही मोबाइलवर विनामूल्य पाहता येते. क्रमांक मिळाला, तर तेथे त्या चाचणीचा विषय लघवीची गळती हाच आहे का आणि त्या केंद्राचे नाव तेथे आहे का, हे मुलाला तपासू द्या. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. नैतिकता समितीच्या मान्यतेचे संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, दिले जाते आणि चाचणीमुळे अपाय झाल्यास भरपाईची तरतूद असते. आगाऊ रक्कम मागितली जात आहे, एवढ्यावरूनच आपला निर्णय व्हायला हरकत नाही.

आता आपण करायच्या गोष्टींकडे येते. सर्वप्रथम आपल्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव पाहा. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांमुळे अनेकांना चिवट कोरडा खोकला होतो आणि तो गोळी चालू असेपर्यंत हटत नाही. आपण खडूच्या धुळीला दोष देत आहात, तो कदाचित खराही असेल. पण खोकला गोळीमुळे असेल, तर गोळी बदलल्यावर तो काही आठवड्यांत थांबतो आणि खोकल्यासोबत गळतीही कमी होऊ शकते. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. डॉक्टरांना विचारून ती बदलून घ्या.

त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, आपल्याला तो जवळ पडेल. जाण्यापूर्वी तीन दिवस एका वहीत नोंद ठेवा: किती वाजता काय आणि किती प्यायले, किती वाजता लघवीला गेले, कधी आणि काय करताना निसटली. तेथे लघवीची व साखरेची तपासणी होईल, लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने पाहिले जाईल आणि मूत्राशय भरलेले असताना खोकायला सांगून गळती प्रत्यक्ष पाहिली जाईल. अंग बाहेर येत आहे का, हेही तेव्हाच कळेल. या तपासणीत संकोच वाटणे स्वाभाविक आहे. स्त्री डॉक्टरांची मागणी करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

मुख्य उपचार म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, ज्याला केगल व्यायाम म्हणतात. आपण कदाचित तो करून पाहिला असेल आणि उपयोग नाही म्हणून सोडला असेल. बहुतेकदा तो चुकीचा केला जातो. 1991 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, नुसत्या तोंडी सूचनेवर हा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्या जणींना तो बरोबर जमला आणि चौथाई स्त्रिया अशा रीतीने जोर लावत होत्या की त्याने गळती वाढावी. योग्य रीत अशी आहे. पाठीवर झोपून गुडघे मोडा, वायू सुटू नये म्हणून गुदद्वार आवळतो तसे ते आवळा आणि तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत नेत आतल्या आत वर ओढा. पोट, मांड्या आणि नितंब सैल राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. खाली जोर लागत असेल, तर रीत चुकत आहे. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरून तितकाच वेळ सोडा आणि हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत जा. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा आणि किमान तीन महिने, हे प्रमाण ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने घालून दिलेले आहे. लघवी करताना मध्येच धार अडवून हा व्यायाम नेहमी करू नका. व्यायाम बरोबर होतो आहे ना, हे या विषयातील फिजिओथेरपिस्टकडून किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांकडून एकदा हाताने पडताळून घ्या. त्या एका पडताळणीने पुढचे तीन महिने सार्थकी लागतात.

याचबरोबर एक सवय लावून घ्या. खोकला किंवा शिंक येते आहे असे वाटताक्षणी, बादली उचलण्याआधी, हे स्नायू आवळून धरा आणि मगच खोका. वर्गात उभ्या उभ्या, कोणाच्या लक्षात न येता हे करता येते आणि बऱ्याच स्त्रियांना पहिला फरक याच सवयीने जाणवतो.

या व्यायामाचा पुरावा मोठा आहे. कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासून केलेल्या 2018 सालच्या आढाव्यात, खोकल्याशिंकेसरशी गळती होणाऱ्या ज्या स्त्रियांनी तो केला त्यांपैकी 56 टक्के जणींनी त्रास पूर्ण गेल्याचे सांगितले; न केलेल्यांमध्ये हे प्रमाण 6 टक्के होते. व्यायाम कोण करत आहे हे लपवता येत नसल्यामुळे यातील काही फरक मनाच्या समजुतीचाही असेल, तरीही इतके मोठे अंतर केवळ समजुतीने पडत नाही. वजनाचेही तसेच आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सरासरी 8 टक्के वजन उतरवलेल्या स्त्रियांची गळतीची संख्या 47 टक्क्यांनी कमी झाली, तर तुलनेच्या गटात ती 28 टक्क्यांनी कमी झाली. आपले वजन 75 किलो असेल, तर 8 टक्के म्हणजे 6 किलो. बद्धकोष्ठता असेल तर तिचाही उपचार करा, कारण रोज कुंथल्याने हेच स्नायू ताणले जातात. शाळेत स्वच्छतागृह गैरसोयीचे म्हणून पाणी पिणे बंद करू नका. त्याने लघवी दाट होऊन जळजळ आणि संसर्ग वाढतो.

तीन महिन्यांनी पुरेसा फरक पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो आणि तो जाळीपुरता मर्यादित नाही. आपल्याच पोटाच्या स्नायूवरील पडद्याची पट्टी काढून तिचा आधार मूत्रमार्गाखाली देता येतो, मूत्राशयाच्या मानेशेजारच्या भागाला टाके घालून तो उचलून धरता येतो, किंवा मूत्रमार्गाच्या भिंतीत फुगवटा आणणारे जेल टोचता येते. जेलचा परिणाम कमी असतो, पण शस्त्रक्रियाही छोटी असते. स्वीडनमध्ये 1990 च्या दशकात सुरू झालेली, कृत्रिम जाळीची पट्टी मूत्रमार्गाखाली बसवण्याची शस्त्रक्रिया आजही अनेक देशांत केली जाते आणि साधारण पाचपैकी चार स्त्रियांना तिचा गुण येतो. आपण वाचलेले खटले खरे आहेत आणि त्या स्त्रियांच्या वेदनाही खऱ्या आहेत. ब्रिटनने 2018 मध्ये अशा पट्ट्यांचा वापर थांबवला. अमेरिकेने 2019 मध्ये ज्या जाळ्यांची विक्री बंद केली, त्या मात्र अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्या होत्या. म्हणून आपल्याला जाळी नको असेल, तर तसे सर्जनला निःसंकोच सांगा आणि स्वतःच्या पडद्याच्या पट्टीचा पर्याय त्यांच्याकडे होतो का, ते विचारा.

मुलाने आगाऊ रक्कम आधीच भरली असेल, तर ती परत मागणारे पत्र लेखी पाठवा, पावती, जाहिरात आणि झालेले संदेश जपून ठेवा. दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

व्यायामासाठी तीन महिने द्या असे मी सांगितले, पण काही लक्षणांत इतके थांबू नका. लघवीतून रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, लघवी तुंबणे, पायांत अचानक बधिरता किंवा अशक्तपणा येऊन त्यासोबत लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जा.